दोन डाव्या बाह्या

आमचे दाजी, म्हणजे थोरल्या बहिणीचे यजमान, शिंपी. स्कूटरला मागून व्हॅन धडकली तेव्हा रक्ताचा थेंबही आला नाही. घटकाभर गरगरलं, इतकंच. मेंदूचा स्कॅन केला, अहवाल स्वच्छ. पण तेव्हापासून हा माणूस कापता कापता कात्री थांबवून विचारतो, "हे कुणाचं?"

विमा कंपनीवर दावा लावला. आमच्या वकिलांनी मेंदूतले धागे रंगीत दाखवणारा नवा स्कॅन करून घेतला, त्यात काही धागे विरलेले दिसले, तज्ज्ञ डॉक्टर साक्षीला आणले. कंपनीच्या वकिलाने विचारलं, "असं चित्र नुसत्या रक्तदाबानेही दिसू शकतं?"

"शकतं."

"मग यांचं अपघातामुळेच, असं खात्रीने सांगाल?"

"एकट्या चित्रावरून? नाही."

मी कपाळाला हात लावला.

"शिवाय," वकील म्हणाला, "दुकान चालू आहे. एकाही गिऱ्हाइकाची तक्रार नाही."

तक्रार असणार कुठून? दाजींनी बिघडवलेलं प्रत्येक कापड ताई गुपचूप नवं आणून शिवत होती. अब्रू झाकता झाकता तिने पुरावाच शिवून टाकला.

"अगं, एक तरी चूक ठेवायचीस!"

"शिंप्याच्या बायकोला सांगतोस? तू ठेव बघू तुझ्या ताळेबंदात एखादी."

पुढे माझ्या निवृत्तीसाठी दाजींनी हौसेने कोट शिवला. घालून पाहतो तर दोन्ही बाह्या डाव्या हाताच्या!

"याला कुणी हात लावायचा नाही," मी म्हणालो. "हा कोर्टात जाणार."

दाजींचा चेहरा उतरला. "मेव्हणे, फोटोवरून काही ठरलं नाही म्हणून मी खोटा. आता खरा ठरायला चारचौघांत हसं करून घेऊ?"

"दुसरं काय आहे आपल्याकडे?"

त्यांनी कोट ओढून घेतला आणि बाही उसवायला लागले. चार टाके निघाले असतील, हात थांबला. कोट उलटसुलट करून त्यांनी ताईकडे पाहिलं.

"हा कुणाचा गं?"

ताईने कोट त्यांच्या हातातून काढला, घडी घालून माझ्याकडे दिला. "ने."

रस्ताभर मला कंपनीचा वकीलच ऐकू येत होता: कशावरून मुद्दाम कापला नाही?