इन लागलं की उलटं

माझा भाऊ बोर्ड रंगवतो. दुकानांचे, शाळांचे, टँकरच्या मागचे, जे समोर येईल ते. शिकला जेमतेम सातवीपर्यंत, पण इंग्रजी स्पेलिंगमध्ये त्याची चूक काढायची कुणाची टाप नव्हती. बाजारात त्याला स्पेलिंगमास्तर म्हणतात आणि ते ऐकून तो अशी काही मान डोलावायचा की माझ्या अंगाचा तिळपापड व्हायचा.

एकदा एका वह्या-पेनांच्या दुकानदाराने त्याला कागदावर इंग्रजीत ‘स्टेशनरी’ लिहून दिलं. त्यात एका जागी ‘ई’ हवा होता तिथे ‘ए’ पडलेला. अर्धा शब्द रंगवून झाल्यावर दादाच्या ते लक्षात आलं आणि तो शिडीवरून खाली उतरला.

“मालक, ‘ए’ घातला तर अर्थ होतो जागचं न हलणारं.”

“मग बरंच की! दुकान हलून जाणार कुठे?”

दादाने ब्रश धुतला, डबे उचलले आणि चालता झाला. तीन दिवस त्या दुकानावर नुसतं ‘स्टेशन’ एवढंच होतं आणि लोक जाता-येता तिकीट मागत होते. शेवटी दुकानदारच हात जोडत आला.

घरातही आमच्या मानगुटीवर बसून त्याने सगळ्यांना इंग्रजी शिकवलं. त्याचा एक लाडका नियम होता: इन लागलं की उलटं. करेक्टचं इनकरेक्ट, डायरेक्टचं इनडायरेक्ट. आमचे हे वेल्डर. इंग्रजी अक्षरं बोट ठेवून वाचतात, पण हा नियम त्यांना फार आवडला. ताटावर बसले की मला विचारायचे, “आज भाजी टेस्टी की इनटेस्टी?”

त्या दिवशी सकाळी दादा आमच्याकडे चहाला आला होता. ह्यांना नवीन काम मिळालं होतं. जुन्या गोदामामागच्या शेडमध्ये बावीस रिकामे लोखंडी ड्रम गॅसने मधोमध कापायचे होते. ह्यांच्या उस्तादाची शिकवण अशी, की ज्या ड्रममध्ये पेटणारं काही होतं तो पाण्याने भरल्याशिवाय कापायचा नाही. ड्रम रिकामा दिसला तरी आत वाफ राहते, ज्योत लागली की फुटतो. पण बावीस ड्रम भरायचे म्हणजे दोन दिवस नळापाशीच जाणार. म्हणून ह्यांनी ड्रमवरची अक्षरं आदल्या दिवशी हातावर पेनाने उतरवून आणली होती.

दादाने चष्मा पुसून हात बघितला. “इनफ्लेमेबल. फ्लेम म्हणजे ज्वाळा. फ्लेमेबल म्हणजे पेटणारं. आणि इन लागलं की?”

“उलटं,” हे म्हणाले.

“मग विचारता काय, जावईबापू? कापा बिनधास्त.”

मी कप विसळत होते. मीही ऐकलं. मलाही ते बरोबरच वाटलं, खोटं कशाला बोलू?

अकराच्या सुमारास दादा पुन्हा दारात. हातात ब्रश तसाच आणि लाल रंग कोपरापर्यंत ओघळलेला. मला आधी रक्तच वाटलं.

“जावईबापूंची शेड कुठली? चल, आधी स्कूटरवर बस!”

“झालं काय ते तरी सांग!”

“ते पेटतं गं! पेटतं!”

स्कूटर सुरू होईना. किक मारता मारता त्याने तुकड्या-तुकड्यांत सांगितलं. तो तेलाच्या डेपोत टँकर रंगवायला गेला होता. तिथल्या इंजिनिअरबाईंनी टँकरवरचं ‘इनफ्लेमेबल’ खोडून नुसतं ‘फ्लेमेबल’ लिहायला सांगितलं. दादा त्यांना ऐटीत म्हणाला, “बाई, माल बदलला वाटतं? अर्थ उलटा झाला की.” बाई हसल्या. म्हणाल्या, “मास्तर, दोन्हीचा अर्थ एकच, पेट घेणारं. लोक ते इन बघून फसतात, म्हणून तर बदलतोय.”

लोक फसतात! मला दादाचा इतका राग आला, की मागे बसल्या बसल्या त्याच्या पाठीत एक गुद्दा घातला. एरवी हा माणूस रस्त्यावरचा प्रत्येक बोर्ड मोठ्याने वाचत आणि चुका काढत स्कूटर चालवतो. त्या दिवशी त्याने एकही बोर्ड वाचला नाही.

मी फोन लावत होते. वाजतोय, वाजतोय, कुणी उचलत नाही. कामावर असले की हे फोन डब्याच्या पिशवीत टाकतात, हे मला ठाऊक होतं, तरी लावत होते. सिग्नल लाल झाला. पुढच्या बसमधून एक म्हातारी सावकाश, एकेक पाय टाकत उतरत होती आणि माझ्या तोंडून तिच्यासाठी नाही नाही ते निघत होतं. मी सारखी मान उंच करून गोदामाच्या दिशेने बघत होते. धूर दिसत नव्हता. पण तो नाही म्हणून बरं वाटावं, तर तेही वाटेना.

शेडजवळ पोचलो तर आतून काहीच आवाज नाही. स्कूटर थांबायच्या आतच मी उतरून धावले.

हे स्टुलावर बसून बाटलीने पाणी पीत होते. काळा चष्मा कपाळावर. एक ड्रम कापून दोन अर्धी करून ठेवलेला. दुसरा समोर आडवा, झाकण घट्ट, त्यावर खडूची सरळ रेघ मारलेली.

“तुम्ही दोघं इथे कसे?”

मीच ओरडले, “अहो, ते पेटतं! इन लागलं तरी पेटतंच!”

ह्यांनी खडूच्या रेघेकडे बघितलं. चेहरा पांढराफटक पडला. मग दादाकडे बघितलं आणि एकदम हसले. “अहो दादा, मी कसला तुमच्या इंग्रजीवर विसंबतोय? पहिला ड्रम पाणी भरूनच कापला की!”

आणि कान खाजवला. बारा वर्षांच्या संसारात मला एवढं कळलंय, की हे खोटं बोलताना कान खाजवतात.

दादा कापलेल्या ड्रमापाशी गेला. वाकून आत हात घातला. तळाशी ठणठणीत कोरडं होतं. बोटांना गंजाची भुकटी लागली, ती तो अंगठ्याने कितीतरी वेळ चोळत राहिला. ह्यांनी बाटली पुन्हा तोंडाला लावली. ती केव्हाच रिकामी झाली होती.

मग दादाने स्कूटरवरचा लाल रंगाचा डबा आणला आणि उरलेल्या एकवीस ड्रमांवर आपल्या अक्षरांत एकच शब्द लिहिला: पेटतं. ब्रश निथळायचंही त्याला सुचलं नाही, अनुस्वार ओघळून खाली आले. त्याची इतकी वाकडी अक्षरं मी जन्मात पाहिली नव्हती. ह्यांनी नळाला पाइप जोडला आणि आडव्या ड्रमाचं झाकण उघडायला घेतलं.

त्याला महिना झाला. हे कामावर गेले की मला अजूनही एका जागी बसवत नाही. डबा म्हणू नका, बाटली म्हणू नका, ज्यावर म्हणून काही लिहिलंय ते दोनदा वाचते आणि तरी धाकधूक राहतेच.

परवा संध्याकाळी दादा आला होता. माझ्या मुलीने पुस्तकातून मान वर केली. “मामा, व्हॅल्युएबल म्हणजे किमती. मग इनव्हॅल्युएबल म्हणजे कवडीमोल ना?”

दादाने कप खाली ठेवला. “थांब,” म्हणाला, “विचारून सांगतो.” आणि चहा अर्धा टाकून गेला.

तासाभराने परत आला, घामाघूम. टँकरवाल्या बाईंच्या घरापर्यंत जाऊन आला होता. “उलटं नाही होत,” त्याने दारातूनच सांगितलं. “इनव्हॅल्युएबल म्हणजे ज्याची किंमतच करता येत नाही असं.”

विचारलं होतं मुलीने, पण तो बघत होता ह्यांच्याकडे. डोळे भरून आलेले.

“मला माहीत होतं,” हे म्हणाले आणि कान खाजवला.