एका महिन्यात लाठी

पत्रक मीच लिहिलं होतं. 'एका महिन्यात प्रत्येक कामगार लाठीधारी!' खाली जाड टाइपात, 'कंत्राटदाराच्या गुंडांनो, खबरदार!' छापून झालं, वाटून झालं, आणि मग मी लाठी शिकवणाऱ्याला विचारायला शिरगावला गेलो.

कारणच तसं होतं. बोईसरच्या रंग बनवणाऱ्या एका कारखान्यात हातमोज्यांशिवाय काम करून माणसांच्या तळहातांची सालं निघत होती. आम्ही युनियनची गेटसभा घेतली, तर कंत्राटदाराच्या पोरांनी कर्णा गटारात फेकला आणि दोघांना बडवलं. कामगारांनी मला स्पष्ट सांगितलं, "भाऊ, अजून एकदा येऊ. पुन्यांदा मार खाल्ला तर परत बोलवू नका." म्हणजे दुसरी सभा उधळली की युनियन संपली आणि हातमोजेही संपले.

वस्ताद म्हणजे शिरगावचे एक वयस्क कोळी. पत्रक वाचून ते बायकोकडे बघून हसले. त्या दांडीवर बोंबील वाळत टाकत होत्या.

"किती दिवस लागतील?" मी विचारलं.

"पालखीपुढं फिरवायची का डोकी वाचवायची?"

"डोकी वाचवायची."

"त्याला लय येळ लागतो. आमी पालखीपुढचीच शिकवतो."

"महिन्यात काय होईल ते शिकवा."

"म्हयन्यात बोंबील होतो," बाई म्हणाल्या. "सुका."

तरी आम्ही गेलो. दर रविवारी सायकलींवरून, डबलसीट. वाळूत रांग लावायची, वस्ताद ढोल वाजवायचे आणि आम्ही त्या तालावर पाय टाकायचे. आधी सलामी: वाकून मातीला हात, मग चारी दिशांना नमस्कार. सलामीत चूक झाली की पुन्हा पहिल्यापासून. मी चिडायचो. तिकडे शोषण चाललंय आणि इकडे आम्ही चारी दिशांना नमस्कार करतोय! वस्ताद म्हणायचे, "दिशा नाय इचारत तू कोन युनियनचा." लाठ्या अंगठ्यावर आपटायच्या, एकमेकांच्या कानावर बसायच्या. बाईंनी तर आमच्या जवळची दांडीच काढून घेतली, म्हणाल्या, "बोंबलांना लागंल." पण महिना सरता सरता रांग खरोखर एकसारखी फिरायला लागली. मी खूश.

सभेच्या दिवशी पाळी सुटायच्या वेळेला आम्ही गेटसमोर रांग धरली. समोरून कंत्राटदाराची पोरं सळया घेऊन आली. मी मुठी आवळून ओरडलो, "साथींनो, लाठी!"

कोणी हललं नाही.

"साथींनो!"

पुढच्या रांगेतला ऑपरेटर, रंगानं मनगटापर्यंत जांभळा झालेला, मान वळवून हळूच म्हणाला, "भाऊ, ढोल कुठं हाय?"

ढोल शिरगावला होता. ढोल आणायचा असतो हे कुठल्या पत्रकात लिहिलेलं असतं? ढोलाशिवाय एकाचाही पाय उचलेना. पोरं दहा पावलांवर आली. तेवढ्यात मागच्या एकाला गेटपाशी रंगाचं रिकामं पिंप दिसलं. त्यानं त्यावर दोन्ही हातांनी ठेका धरला.

झालं! रांग जागी झाली. आणि जागी होऊन काय केलं? वाकून मातीला हात लावला.

"अरे सलामी राहू द्या!" मी किंचाळलो. पण सलामी गाळून एकदम पुढचं सुरू करणं कोणाला येतच नव्हतं. पूर्वेला नमस्कार, पश्चिमेला नमस्कार, मग कंत्राटदाराच्या पोरांची दिशा आली, त्यांनाही नमस्कार. पोरांचा म्होरक्या सळई खाली घेऊन थांबला. "रुको बे," तो साथीदारांना म्हणाला, "पहले देखने दो."

मग लाठ्या फिरल्या. भोंगा झाला, पाळी सुटली, आणि लोक घरी जायचे सोडून गोल करून उभे राहिले. शेजारच्या कारखान्यातलेही आले. एवढ्या गर्दीत सळई उगारायची कोणाची छाती होणार? मॅनेजरसाहेब जाळीच्या आतून टाळ्या वाजवत होते, तिथेच मी त्यांना गाठलं आणि हातमोज्यांची मागणी सगळ्यांदेखत वाचली. टाळ्या वाजवून झाल्यावर नाही म्हणणं अवघड असतं. सोमवारी देतो म्हणाले.

माझं भाषण मात्र कोणी ऐकलं नाही. याचा राग मला अजून आहे. राबणाऱ्यांच्या हक्कांवर बोलत होतो मी, आणि मागून ओरडतात, "भाऊ, आता बसा, परत फिरवू द्या!"

पांगापांग झाल्यावर म्होरक्या ऑपरेटरजवळ आला. "कितने दिन में आता है ये?"

माझा हात पत्रकाच्या गठ्ठ्याकडे गेला. ऑपरेटरनं माझा हात जांभळ्या पंजानं दाबून धरला.

"ढोल हाय तो एक महिना," तो म्हणाला. "ढोल नाय तो... अभी मालूम नाय."