तिसऱ्यांदा एरर आलीच नाही

भुताखेताच्या गोष्टी सांगणाऱ्याला मी तोंडावर वेड्यात काढायचो, हे आधीच सांगतो. त्यामुळे हे लिहिताना माझीच मला लाज वाटतेय... तरी लिहितो. हसायचं तर हसा.

२००५-०६ ची गोष्ट. पुण्यात सॉफ्टवेअर टेस्टिंगच्या नोकरीत मी नवा होतो. ऑफिसचा लॅपटॉप घेऊन पिंपरी पेंढारला घरी आलो होतो. अण्णा, म्हणजे माझे वडील, विहिरीवर मोटर बघायला निघाले. विहिरीच्या कडेला भेग पडलेली. एकटे जाऊ नका, तासाभरात मी येतो, म्हणालो. पण ते कसले ऐकतात. सोमवारी काम द्यायचं म्हणून मी बसून राहिलो, जीव मात्र सगळा तिकडे.

काम साधं होतं. आमच्या प्रोग्रॅममध्ये एक लोडर होता — त्याला आकडा द्यायचा, तो त्या नंबरचं मॉड्यूल, म्हणजे प्रोग्रॅमचा तेवढा भाग, उघडायचा. आकड्याऐवजी अक्षरं दिली तर त्याने एरर देऊन थांबायचं. थांबतो का, एवढंच मी तपासत होतो. प्रत्येक टेस्ट तीनदा, असा ऑफिसचा नियम. आंबा, बटाटा, काहीही टाइप करत होतो, एरर येत होती. डोक्यात अण्णाच, म्हणून बोटांनी त्यांचंच नाव टाकलं. दगडू. एरर. पुन्हा दगडू. एरर. तिसऱ्यांदा... एरर नाही. स्क्रीनवर 'लोडेड'.

का ते सांगता येणार नाही, पण लॅपटॉप तसाच टाकून मी विहिरीपर्यंत दीड मैल पळालो.

अण्णा बांधावर बसले होते. मोटरजवळची कड मोटरीसकट विहिरीत गेली होती.

"मोटरपाशीच वाकलो व्हतो," ते म्हणाले. "मागून हाक आली. दोन हाकांना ओ दिली न्हाई."

रानात मागून हाक आली तर तिसरीशिवाय ओ द्यायची नाही, अशी आमच्याकडची जुनी रीत.

"तिसरीला उठून इकडं आलो, तवर मागं सगळं ढासाळलं." मग माझ्याकडं बघत राहिले. "आवाज तुझाच व्हता. पण बापाला नावानं कवापासून हाक मारायला लागला?"

मी तर तोंडही उघडलं नव्हतं.

सोमवारी सीनियरसमोर तीच टेस्ट कितीतरी वेळा चालवली. दर वेळी एरर. रिपोर्टवर 'पास' लिहिलं. कोड ओळ न् ओळ वाचलाय, उत्तर अजून सापडलेलं नाही. लोडर चुकू नये म्हणून ऑफिसनं मला नेमलं होतं... आणि त्या दिवशी तिसऱ्यांदाही तो बरोबरच वागला असता तर?