खपलीचं पोतं

माझ्या विहीणबाई माझ्या मुलीला उपाशी ठेवतात, असं मी नात्यागोत्यात सांगत होतो. ते खोटं होतं. बोलताना मला ते खरं वाटत होतं, एवढंच.

मुलगी लहानपणापासून किडकिडीत. पोट फुगायचं, तोंड यायचं, अंगात रक्त टिकायचं नाही. डॉक्टरांनी जंताची औषधं दिली, लोहाच्या गोळ्या दिल्या, शेवटी मनाचं आहे म्हणाले. आमच्या घरी आजारी माणसाला भाकरी देत नसत. भाकरी जड, पोळी हलकी, ही समजूत. त्यात माझी बायको कर्नाटकाच्या सीमेवरल्या मैंदर्गीची. अशक्तपणावर तिच्याकडे एकच उपाय, हुग्गी, म्हणजे खपली गव्हाची गूळ-दूध घातलेली खीर. पोरगी जितकी आजारी, तितका तिच्या ताटात गहू जास्त.

तिला वैरागला दिली. शेतकऱ्याचं घर, दोन्ही वेळा ज्वारीची भाकरी. तिथं ती बरी असायची आणि माहेरी आली की अंथरूण धरायची. मी अर्थ काढला तो असा, की सासरी पोटभर मिळत नाही, म्हणून इथलं चांगलं अन्न तिला सोसत नाही. मग मी खपलीची पोती पाठवायला लागलो. ‘माझ्या मुलीला भाकरीवर ठेवू नका,’ असा निरोपही दिला. विहीणबाईंनी मुकाट्यानं पोळ्या सुरू केल्या. मुलगी तिथंही खंगली. तेव्हा त्या घरात ‘सोंग’ हा शब्द निघाला आणि मी तिला उचलून आमच्याकडे सोलापूरला आणलं. जावई न्यायला आला, तर त्याला दारातूनच परत पाठवलं.

पुढे माझी बायको गेली. मुलीच्या अंगात पोळ्या लाटायचं त्राण नव्हतं, मला येत नव्हत्या. गल्लीतल्या एका बाईकडून आम्ही तयार भाकऱ्या आणू लागलो. काही महिन्यांनी मुलगी एकदा खाली बघत म्हणाली, “आप्पा, कसं सांगू? आई गेल्यापासून माझं पोट गप्प आहे.”

हे बोलल्याचीच तिला लाज वाटत होती. मी मात्र ताटातल्या भाकरीकडे बघत राहिलो.

पोटाच्या डॉक्टरांनी सगळं ऐकून घेतलं. सिलिअ‍ॅक असू शकतं, म्हणजे गहू आतड्याला चालत नाही, असं ते म्हणाले. “पण गहू बंद असताना तपासलं तर आजार असूनही रिपोर्ट चांगला येऊ शकतो. काही आठवडे रोज गहू खावा लागेल, मग रक्त तपासू. फार त्रास झाला तर लगेच फोन करा.”

“नको,” मी म्हणालो. “भाकरीवर बरी आहे, राहू दे.”

“आणि मी सोंगीच राहू?” मुलगी म्हणाली. “खाईन. पण वैरागला खाईन. त्यांच्या डोळ्यांदेखत होऊ दे.”

रिपोर्ट चांगला आला तर काय, हे मी विचारलं नाही. एसटीनं आम्ही वैरागला गेलो.

विहीणबाई अंगणात होत्या. माझ्या हातातली छोटी पिशवी बघून म्हणाल्या, “काय पाव्हणं, या खेपेला पोतं न्हाय आणलं व्हय?”

मी पिशवी खाली ठेवली. तुमच्या घराला मी उगाच नावं ठेवली, हे जावयासमोर सांगितलं आणि डॉक्टर काय म्हणाले तेही. जावई दारातच उभा राहिला. विहीणबाई पदराशी चाळा करू लागल्या.

“म्हंजे मीबी तेच चारलं की तिला,” त्या म्हणाल्या. “आता कळल्यावर माज्या हातनं न्हाय वाढायची. तुमीच वाढा.”

त्यांनी कणीक मळून दिली, पोळ्या मुलीनं स्वतः लाटल्या. ताटात मी वाढल्या. ती पहिला घास मोडून थांबली. जावई दारातून आत येऊन तिच्याशेजारी बसला. तिनं घास खाल्ला, मग दुसरा. विहीणबाई चुलीपाशी ज्वारीचं पीठ झाकून ठेवत होत्या.

एक पोळी संपली. माझा हात सवयीनं दुरडीकडे गेला.

“आप्पा,” मुलगी म्हणाली, “आज आग्रह नको.”

मी दुरडी झाकली. तिचा डावा हात पोटावर होता.