रामाकोन्याच्या तळ्यावरचा वरपक्ष

रानबदकं बघायला जातो म्हटलं असतं, तर घरच्यांनी मला वेड्यात काढलं असतं. म्हणून 'मुलगी बघायला जातो' असं सांगून मी नागपूरहून छोट्या लाईनीत (अरुंद रुळांच्या गाडीत) बसलो. मुलगी होतीच. रामाकोन्याच्या एका संत्रा बागाइतदारांची थोरली, सौंसरच्या शाळेत मास्तरीण. पण माझा डोळा त्यांच्या गावच्या तळ्यावर होता. नुकतीच राज्यांची वाटणी झाली होती. आम्ही मुंबई राज्यात, सौंसर मध्य प्रदेशात. नागपूरची राजधानी गेली, आमची ऐट मात्र जागेवर होती.

जेवायला पाटोड्या (बेसनाच्या वड्या) आणि जाळ रस्सा होता. पहिल्याच घासाला मला ठसका लागला. तरी नाक पुसत मी वरपक्षाच्या थाटात सहा प्रश्न विचारलेच. गाणं येतं का, शिवण येतं का, वगैरे. ती मान वर करून सरळ उत्तरं देत होती. तिसऱ्या उत्तराला मी बदकं विसरलो. मुलगी मला फार आवडली.

सकाळी तिचे वडील आम्हा दोघांना तळ्यावर घेऊन गेले. पाण्यावर तलवार बदकं (लांब, टोकदार शेपटीची) उतरली होती. एका साध्या करड्या मादीभोवती सात नर. कुणी मान ताणतोय, कुणी शेपटी उचलतोय, कुणी बारीक शीळ घालतोय.

"थे मधातली मादी पाहा जी," वडील म्हणाले. "सारे तिच्यासाठीच नाचून राह्यले."

"आणि ती काय करते?"

"पाहून राहिली," मुलगी म्हणाली. "काल मी तुमच्याकडे पाहून राहिली होती, तशी."

मी ओशाळलो. ती पुढं म्हणाली, "माझा एकच प्रश्न आहे. नागपूरले आली तर माझी नोकरी जाते. आता राज्यच दुसरं, बदली कोण देईल? तुम्ही याल का इकडं, सौंसरले?"

'येईन' एवढंच म्हणायचं होतं. मनात तेच होतं. पण जित्याची खोड!

"राजधानीचा माणूस सौंसरला?" मी हसलो.

"राजधानी तर भोपाळले गेली जी. तुम्ही काऊन मागं राहिले?"

वडील उगाच खोकले. तेवढ्यात तळ्यातली मादी उडाली. सहा नर तिच्यामागं गेले. एक तिथंच मान ताणून बसला होता. तो नागपूरचा असावा.

निघताना त्यांनी संत्र्यांची टोपली दिली. होकार दिला नाही. गाडीभर मी स्वतःला शिव्या घालत आलो.

घरी आईनं दारातच विचारलं, "मुलगी पसंत पडली का?"

"पडली. मी नाही पडलो."

"इश्श! असं कुठं असतं का?"

"रामाकोन्याला असतं," मी म्हणालो आणि टोपली खाली ठेवली.