सुताला पेज पाहिजे

हे मी लिहिणारच नव्हते, खरं सांगते. कॉलेजच्या मॅगझिनच्या मॅडम म्हणाल्या, रूमवर राहणाऱ्या नव्या पोरापोरींसाठी स्वस्तातलं साधं जेवण कसं करायचं ते दोन पानं लिहून दे. मी पटकन हो म्हटलं. रूमवर येऊन मोबाईलवर टाईप करायला लागले, पहिलीच ओळ ‘भात कसा करायचा’ अशी आली आणि पुढं बोटंच चालेनात. दोनदा सगळं पुसलं. कारण भात मला मालुआक्कानं शिकवला, आणि आक्काला तिच्या घरातून मी घालवलं. ते गाळून नुसत्या कृती लिहायला मला जमत न्हाई. म्हणून जसं येतंय तसं लिहिते, चुका मॅडम काढतील.

मी जांबोटीकडची. आमच्या गावाला बस कमी, रोज येणं-जाणं जमायचं न्हाई म्हणून बाबांनी मागच्या वर्षी जुलैत मला वडगावात, विणकरांच्या गल्लीत खोली घेऊन दिली. एका रांगेत चार खोल्या, समोर एक नळ, आणि पलीकडं पॉवरलूमचं शेड, दिवसभर खटाखट खटाखट. माझ्या शेजारच्या दोन खोल्यांत मालुबाई. सगळी गल्ली तिला आक्का म्हणायची. वय पासष्ट-सत्तर असंल, अंग काडीसारखं. नवरा हातमागावरच गेला, म्हणजे माग चालवता चालवताच. तेव्हापासून बारा वर्षं एकटीनं त्याच मागावर लुगडी विणते, असं ती सांगायची. पोरगा महादेव चिकोडीत, खताच्या दुकानात कामाला. तो दर खेपेला म्हणायचा आये, चल. आणि ती दर खेपेला म्हणायची, माग चालू हाय, मी कुठं येऊ? तिला आयुष्यात तेवढंच पाहिजे होतं बघा, त्या दोन खोल्या सोडायच्या न्हाईत आणि कुणाच्या हातचं खायचं न्हाई.

मला घरी आईनं चुलीजवळ फिरकू दिलं नव्हतं, अभ्यास कर म्हणायची. पहिले आठ दिवस मी वडापाव आणि बिस्किटावर काढले. नवव्या दिवशी तांदूळ शिजवायला ठेवले, खाली जळले आणि वर कच्चे. वास गेला शेजारी. आक्का उंबऱ्यात येऊन उभी.

“काय पेटवलीस गं? शेडातली माणसं बाहेर आली की पळत.”

मी रडायलाच लागले. ती आत आली न्हाई. उंबऱ्यावर बसली, पदर खोचला आणि म्हणाली, “ते पातेलं भिजत टाक. दुसरं घे. पाणी लई घाल, लाज धरू नको पाण्याची. उकळलं की तांदूळ सोड. शीत बोटानं दाबून बघ, मधी कणी ऱ्हायली न्हाई की झाकण धरून पेज काढ, मग बारीक ग्यासवर मुरू दे. एवढंच हाय.”

एवढंच होतं. त्या दिवशी मी मीठ-तेल-भात खाल्ला आणि मला वाटलं मी कलेक्टर झाले.

मग रोज कॉलेजातून आलं की आक्का उंबऱ्यावर. कधी आत यायची न्हाई, भांड्याला हात लावायची न्हाई. “माझा हात लागला की तुझा हात आळशी हुतोय.” सगळं तोंडानं सांगायची. मसूर सकाळी जाताना भिजत टाकायचे, संध्याकाळी निम्म्या ग्यासात शिजतात. कांदा महाग असला तर फोडणीत लसूण ठेचून टाकायचा, कांद्याचं नावच काढायचं न्हाई. कोथिंबिरीचे देठ, मुळ्याचा पाला, कोबीची वरची पानं फेकायची न्हाईत, चिरून बेसन लावून परतायची. हुलगे भाजून दळून आणून ठेवायचे, ज्या दिवशी काहीच नसंल त्या दिवशी ते पीठ पाण्यात शिजवून गूळ घालून पातळ माडगं. चुरमुरे भिजवून पिळून पोह्यांसारखे फोडणीला टाकायचे, की झाला सुसला. आणि बाजार सकाळी करायचा न्हाई, संध्याकाळी बायका पाट्या उचलायला लागल्या की जायचं.

“घासाघीस करू नको,” म्हणायची. “नुसती उभी ऱ्हा. त्या आपणच म्हणतील, ने बाई.”

भाकरी मला महिनाभर जमली न्हाई. पहिली थापली ती बघून आक्का म्हणाली, “हा कर्नाटकाचा नकाशा हाय का गोव्याचा?” शेडात कामाला असलेला रवळू पाणी भरायला आला होता, तो म्हणाला, “आक्का, दोन्हीचा वाद हाय त्यो.” आम्ही तिघं लई हसलो त्या दिवशी.

मी म्हणायची, आक्का चव तरी बघा. ती म्हणायची, “वास आला न्हवं मला. मीठ बरोबर हाय. माझं जेवण झालंय.” कायम झालेलं असायचं तिचं जेवण. मला तेव्हा काय वाटलं सांगू? मला वाटलं आक्काला माझ्या हातचं आवडत न्हाई. मी रुसायची पण.

पेज मी मोरीत ओतायची. आमच्या गावाकडं ती गुरांच्या आंबोणात जाते, इथं गुरं कुठली. या एप्रिलात एक दिवस आक्का पितळेचा तांब्या घेऊन आली. म्हणाली, “पेज टाकू नको गं आजपास्नं. सुताला खळ द्यायला पाहिजे.”

वडगावात हे कुणाला सांगावं लागत न्हाई. हातमागाच्या सुताला पेजेची खळ देतात, सूत ताठ होतं, तुटत न्हाई. मी म्हटलं घ्या की. तेव्हापासून रोज दुपारी तांब्या यायचा, मी गरम पेज ओतायची, ती पदरानं धरून न्यायची. एकदा मी घाईत होते, पेपर होता, तर मी वैतागून म्हणाले, “आक्का, तुमच्या सुताला माझ्यापेक्षा जास्त भूक लागतीया बघा.”

ती हसली. “व्हय गं. लई खादाड हाय त्ये.”

हे वाक्य मी आता किती वेळा आठवते ते माझं मलाच माहीत.

गणपतीला घरी गेलते तर आईनं मला नवा कुकर दिला. तीन शिट्ट्या, भात तयार, ग्यास वाचतो. मी खूष. पहिल्या दिवशी आक्का तांब्या घेऊन आली.

“आज पेज न्हाई व्हय?”

“कुकर आणलाय न्हवं आक्का, पेज निघतच न्हाई आता.”

तिनं आत कुकरकडं बघितलं. मग म्हणाली, “बरं झालं. पाणी बोटाच्या दोन पेराएवढं घाल, जास्त न्हाई. ग्यास वाचंल तुझा.” मला कुकरचा भात पण तिनंच शिकवला, हातात रिकामा तांब्या धरून. मी विचारलं सुद्धा न्हाई की मग आता सुताचं काय करणार.

पाचव्या दिवशी सकाळी ती नळावर पडली. घागर घरंगळत माझ्या दारापर्यंत आली म्हणून मला कळलं. मी ओरडले, रवळू शेडातून धावत आला, आम्ही दोघांनी तिला उचललं. वजनच नव्हतं हो अंगात. अलीकडच्या खोलीत जागा कमी म्हणून मी पलीकडच्या, मागाच्या खोलीची कडी काढली, म्हटलं तिथं अंथरूण घालू.

आत माग नव्हता. जमिनीत मागाचा खड्डा तेवढा होता, त्यावर फळ्या टाकलेल्या आणि वर स्वच्छ धुतलेली चादर.

“माग कुठाय?” मी रवळूला विचारलं.

“माग? त्यो इकला की तिनं, तू यायच्या आधीच. खांदा जाम झाला तिचा. आमच्याच मालकाच्या सुताच्या कांड्या भरून द्यायची चार-दोन, त्ये पण उन्हाळ्यापास्नं हुईना.”

“आणि सूत?”

“माग न्हाई तर सूत कुठलं?” रवळू म्हणाला. त्याला पण तेव्हाच कळलं असणार.

मी स्वयंपाकाची फळी बघितली. सहा डबे, घासून लखलखीत, सहाही रिकामे. एकात मीठ होतं. तांब्या पालथा घातलेला. रेशनकार्ड खिळ्याला अडकवलेलं. त्याचं नंतर कळलं, बोटांवरून जन्मभर सूत सरकून सरकून तिच्या अंगठ्याच्या रेषाच गेल्यात, रेशनच्या मशीनवर अंगठा उठत न्हाई. दर महिन्याला लाईनीत उभी राहायची आणि ‘नाळे बा’, म्हणजे कानडीत उद्या ये, ऐकून परत यायची. पेन्शन भाड्याला जायची. म्हणजे एप्रिलपासून दुपारचं तिचं जेवण माझी पेज होती, त्या डब्यातलं मीठ टाकून. आणि मी कुकर आणला.

कोपऱ्यावरच्या डॉक्टरांनी येऊन सलाईन लावलं, म्हणाले पोटात काही न्हाई, दुसरं काही झालेलं न्हाई. मी भिंतीवर पेन्सिलनं लिहिलेला महादेवदादाचा नंबर बघितला आणि मोबाईल काढला. मी अशीच आहे, डोक्यात आलं की करून मोकळी. आक्कानं डोळे उघडले.

“कुणाला लावतीस?”

“दादांना.”

“नको गं दिपे. त्यो न्हेईल मला.” उठायला बघत होती, सुई हातात तशीच. “मी खाते. तू देशील त्ये खाते. आजपास्नं तुझ्या ताटात खाते, पर त्याला सांगू नको.”

बारा वर्षांत कुणाच्या हातचं न खाल्लेली बाई हे म्हणाली. आणि रिंग गेलेली होती. मी कट करू शकत होते. दादा “हॅलो, हॅलो” म्हणत होते. मी रडत रडत सगळं सांगून टाकलं, माग नाही, डबे रिकामे, पेज, सगळं. आक्कानं तोंड भिंतीकडं केलं.

दादा दुपारीच आले. वाईट माणूस न्हाई हो, तो पण रडला. “आये, माग चालू हाय म्हणत हुतीस की रोज फोनवर.”  दोन बोचकी झाली. रिकाम्या डब्यांतला एकसुद्धा घेतला न्हाई. जाताना माझ्या उंबऱ्याकडं तिनं बघितलं न्हाई. खोल्या पुढच्याच महिन्यात दुसऱ्यांनी घेतल्या.

दिवाळीनंतर मी चिकोडीला गेलते. आक्का बाहेर प्लास्टिकच्या खुर्चीवर बसली होती. वैनी, म्हणजे दादांची बायको, चांगल्या आहेत, शिरा दिला मला, तिला पण दिला. तिनं दोन घास खाल्ले आणि वाटी खाली ठेवली. मी आत गेल्यावर वैनी हळूच सांगत होत्या मला, “पडतील म्हणून ग्यासजवळ येऊ देत न्हाई आम्ही. पर जेवतच न्हाईत गं. अर्धी भाकरी, ती पण बळंच. बोलत न्हाईत. दर आठवड्याला कमीच व्हायलंय.”

मी बाहेर येऊन आक्काच्या पायाशी बसले. माफी मागायची ठरवून गेलते.

मी तोंड उघडायच्या आधीच ती म्हणाली, “कट का केली न्हाईस गं?”

 उपाशी मरू द्यायला पाहिजे होतं का? न्हाई. पण आधी एक ताट वाढून बघायला पाहिजे होतं. ती खाते म्हणाली होती. मी एक दिवस सुद्धा बघितलं न्हाई.

मग तिनंच विचारलं, “तुमच्या कॉलेजात नव्या पोरी आल्या असतील न्हवं? त्यांस्नी येतंय का काय करायला?”

मी म्हटलं, न्हाई आक्का, कुणालाच काही येत न्हाई.

ती खुर्चीत सरळ झाली. तेवढ्यात माझ्याकडं नीट बघितलं तिनं आणि परत मान खाली घातली. मला बघितलं की तिला ती खोली आठवते, मला कळतंय ते. मी परत गेले तर तिला बरं वाटणार न्हाई.

म्हणून तुम्ही जा. चिकोडी, रायबागकडून येणारी कितीतरी जणं आहेत कॉलेजात, शनिवारी गावाला जाताच. महादेवदादांचं घर स्टँडपासून चालत दहा मिनिटं आहे, पत्ता मी देते, वैनींना सांगून ठेवलंय, त्या हो म्हणाल्यात. आपापलं पीठ, आपापली डाळ घेऊन जा आणि तिच्यासमोर बसून चुकीचं करा. तुम्ही केलेलं तुमच्याबरोबर खाते का बघा. माझं नाव काढू नका. आणि परीक्षेनंतर जाऊ म्हणू नका, तेवढा वेळ आहे की न्हाई मला माहीत न्हाई. या शनिवारीच जा.