आबांच्या मुठीतला नट

मंडळी, आज माझ्या ट्रकचं इंजिन ऑईल पयल्यांदाच मी सोता बदललं, कुंडलला घरासमोरच.

माझे वडील, आबा, फौजेत ट्रक चालवायचे. ते खाटंवर बसून बगत हुते. इंजिनाखालचा नट खोलून जुनं ऑईल घमेल्यात काढलं, नवा फिल्टर बसवला. नवं ऑईल वतणार तवर आबा वरडले, "थांब रं! खालचा नट लावलास का?"

वाकून शोधतोय, तर नट आबांच्या मुठीत! मी फिल्टर आणाय गेलो तवा उचललेला.

"आवं, आदीच सांगायचं की!"

"सांगितलेलं इसरतं गड्या. फौजेत माज्या उस्तादानंबी असाच लपवला हुता. आता मी नसलो तरी तुला नट आठवंल."

नट घट्ट आवळला. पण त्यांचं ते 'मी नसलो तरी' काय डोस्क्यातनं जाईना.

तुमचा नट कुणी लपवला हुता?